सॉल्झबरीचं इंद्रधनुष्य: सांत्वन की राजकारण?

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं 'सॉल्झबरी कॅथीड्रल फ्रॉम द मेडोज' हे चित्र 1831 मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलं. काळवंडलेलं आभाळ, त्यात घुसलेला सॉल्झबरी शहरातल्या कॅथीड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, उंच मनोरा आणि वर इंद्रधनुष्याची कमान. या चित्राकडे दोन तऱ्हांनी बघता येतं.

एक वाचन राजकीय. 1829 मध्ये कॅथलिकांना संसदेची दारं उघडली होती, 1831 मध्ये मतदान सुधारणेचा गदारोळ सुरू होता. कॉन्स्टेबल पक्का सनातनी, इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चचा कैवारी. मग ढग म्हणजे चर्चवरचं संकट, आणि इंद्रधनुष्य म्हणजे ते टळेल ही आशा. पटतं, पण जरा जास्तच नीटनेटकं वाटतं.

दुसरं वाचन घरगुती. त्याची बायको मरिया 1828 मध्ये क्षयानं गेली. हे चित्र काढायला त्याला भरीस घातलं ते सॉल्झबरीतल्या जॉन फिशर या पाद्री मित्रानं. आता इंद्रधनुष्याचं उजवं टोक बघा: ते टेकतं फिशरच्या लेडनहॉल या घरापाशी! देवळावर नाही, मित्राच्या छपरावर. शिवाय सूर्याच्या जागेचा हिशेब मांडला, तर तिथं इंद्रधनुष्य पडणारच नाही. ढगांचा इतका बारीक अभ्यास केलेला माणूस अशी चूक सहज करेल? म्हणजे ते मुद्दाम तिथं टेकवलंय: दुःखात मित्रानं दिलेल्या आधाराची खूण म्हणून.

म्हणून माझा कौल दुसऱ्या वाचनाला. खाली नदीतून गाडी ओढणाऱ्या घोड्यांना तर दोन्हींचं काही सोयरसुतक नाही.