लाळ्या-खुरकूतची लस: मागचा १ स्टार मागे घेतोय

मागच्या खेपेला, टोचूनही गोठ्यात रोग आला म्हणून, मी गुरांच्या या लसीला १ स्टार दिला होता आणि वर बरंच तोंडसुख घेतलं होतं, ते सगळं परत घेतो कारण घोळ बाटलीत नव्हता, आमच्या फ्रीजमध्ये होता. घरातल्या कुणीतरी बाटली उचलून वर बर्फाच्या खणात ठेवली, थंड पाहिजे ना म्हणून. ही तेलातली लस, २ ते ८ डिग्रीत ठेवायची, गोठली की बाद. सकाळी बघतो तर तेल वेगळं पाणी वेगळं, मी शहाण्याने हलवून हलवून एकजीव केली आणि तीच जनावरांना टोचून घेतली.

दीडेक महिन्यात एक गाय वैरणीला तोंड लावेना, ताप, दूध एकदम खाली, रिकामं तोंड मचमच वाजवतेय आणि लाळेच्या तारा जमिनीला टेकलेल्या. मला वाटलं काटाबिटा रुतला असेल, तोंड उघडून जीभ धरली तर जिभेची साल हातात आली, खाली लालभडक. मग खुरांच्या बेचक्यात पाहिलं, तिथे फोड फुटलेले, सडावर पण दोन. (लम्पीशी गल्लत करू नका, त्यात अंगभर गाठी येतात.)

लगेच वेगळी बांधली पण फोड दिसायच्या आधीपासूनच दुधातून, श्वासातून व्हायरस बाहेर पडत असतो, त्यामुळे व्हायचं ते झालं. मोठी जनावरं सावरली. एक वासरू मात्र दूध पिता पिता कोसळलं, तोंडात एक फोड नाही. डॉक्टर म्हणाले लहान वासरांत हा रोग थेट हृदय धरतो, आणि आम्ही त्याला आजारी गाईलाच लुचू देत होतो.

यावेळी लस बर्फाच्या डब्यातून आणली, फोडल्यावर त्याच दिवशी संपवली, दर जनावराला नवी सुई. चार महिन्यांवरच्या वासरांचा पहिलाच डोस होता म्हणून त्यांना ४ आठवड्यांनी बूस्टर, पुढे सगळ्यांना दर ६ महिन्यांनी. आसपास साथ येऊन गेली, आमच्या दावणीला काही झालं नाही. सगळं क्रेडिट लसीला देत नाही हां, बाहेरचं जनावर आणि बाहेरचे बूट गोठ्यात येऊ दिले नाहीत, आणि १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा (खायचा नाही) घालून गोठा धूत होतो, हा व्हायरस आम्ल आणि अल्कली दोन्हीला कच्चा आहे.

एक स्टार कापला कारण बाटली मोठी येते, चारपाच जनावरं असणाऱ्याने उरलेली फेकायचीच. टोचल्यावर दोन दिवस दूध जरा कमी आणि मानेवर गाठ, ते चालतं. व्हायरसचे टाइप ७ आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, तेव्हा लेबलवर कोणते आहेत ते डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि साथ दारात आल्यावर टोचून उपयोग नाही, ताकद यायलाच आठवडा-दोन आठवडे जातात.

४ स्टार. छोटी बाटली कुणाला मिळाली असेल तर खाली लिहा.