खिशात मावणारा डिजिटल काटा (२०० ग्रॅम, ०.०१ ग्रॅम): पंचनाम्याला नेऊ नका

दोन तारे देतोय, तेही उन्हात आकडे स्वच्छ दिसतात म्हणून.

मी सराफ. दुकानातला काटा जड आणि त्याला लाइट लागते, म्हणून बाहेर मोड (मोडीत काढायचे जुने दागिने) बघायला जाताना न्यायला हा ऑनलाइन मागवला. ब्रँड लिहीत नाही, सगळे एकाच साच्यातले. अंगठी, बाळाचे वाळे यांचा अंदाज घ्यायला ठीक. पण गेल्या वर्षी पोलीस ठाण्यातून निरोप आला, "शेठ, काटा घेऊन या, रेड आहे," आणि मी गडबडीत हाच उचलला.

माल एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा. पहिला तासभर नुसतं बसणं. "तुझी अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यायला लावण्याचा तुला हक्क आहे," हे साहेबांनी त्या पोराला समजावलं, लेखी घेतलं, मग तहसीलदार आले. मग माझी पाळी. लॉजच्या खोलीत पंखा फिरत होता, आकडे ५२.३८, ५२.४४ असे नाचत होते. पंखा बंद केला. साहेब रायटरला (लिहून घेणाऱ्या पोलिसाला) मजकूर सांगेपर्यंत काटाच झोपला, मिनिटभरात आपोआप बंद होतो. पुन्हा चालू केला तर शून्यावरून सगळं पहिल्यापासून. शेवटी पाकिटासकट ५२.४१, रिकामं पाकीट १.८७, निव्वळ ५०.५४. तोच आकडा पंचनाम्यात, खाली माझी सही. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर नमुने काढताना दुसऱ्या काट्यावर भरलं ४९.९६.

फरक ०.५८ ग्रॅम, आमच्या भाषेत पाच गुंजांहून कमी. पण एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात एमडी २ ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण. व्यापारी ठरलं की किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि जामिनाच्या वाटेत कलम ३७ आडवं. मधल्या वजनाला कमाल १० वर्षं, किमान काही नाही. बरं, आम्ही दागिन्यातला डाग (सांधे जोडायची मिश्र धातू) वजा करतो तशी इथे भेसळ वजा होत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगून टाकलंय, मिसळलेल्या पावडरीसकट वजन धरायचं. त्यामुळे सगळी मदार काट्यावर.

साक्षीला गेलो. लाखेचं सील तुमच्यासमोर लागलं का, पाकिटावर सह्या कोणाच्या, इथपर्यंत मी ठणठणीत. मग बचावाच्या वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र आणलंय?"

दुकानातल्या काट्याला वैधमापनवाल्यांचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का दरवर्षी मारून घेतो, प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये आहे. याला शिक्का कुठला! घरी येऊन खोका शोधला तर तळाशी बारीक अक्षरात छापलेलं, 'व्यापारी वापरासाठी नाही'. शंभर ग्रॅमचं तपासणीचं वजन सोबत येईल असं जाहिरातीत होतं, तेही खोक्यात नव्हतं. पण चूक माझीच जास्त, सराफाने हे मागवतानाच बघायला हवं होतं. खटला चालू आहे, म्हणून त्यावर आणखी लिहीत नाही.

परवा ठाण्यातून पुन्हा फोन आला. या वेळी दुकानातला काटा, एक्स्टेन्शन बोर्ड आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन गेलो. हा काटा आता स्वयंपाकघरात असतो, सौ. श्रीखंडाचं केशर मोजते. तिची काही तक्रार नाही.