ऑपरेशन चांगलं, नंतरची साथ तोकडी

मूत्रमार्ग अरुंद झाला होता, म्हणून गालाच्या आतलं अस्तर लावून युरेथ्रोप्लास्टी (मूत्रमार्ग दुरुस्तीचं ऑपरेशन) करून घेतली. सर्जनच्या हाताबद्दल तक्रार नाही; तोंडातली जखमही लवकर भरली. पण कॅथेटर (लघवीची नळी) काढण्याआधी मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे काढला, त्यात गळती दिसली आणि नळीचा मुक्काम वाढला. अशी छोटी गळती नळी आणखी काही दिवस ठेवली की बहुतेकदा आपोआप बुजते. हे कोणी आधी सांगितलं असतं, तर 'सगळं फसलं' म्हणून त्या रात्री रडत बसलो नसतो.

नळी निघाल्यावरही लघवीनंतर थेंब गळायचे. डॉक्टर म्हणाले, "होतं असं." झालं, पुढचा पेशंट! उपाय सांगितला तो फिजिओथेरपिस्ट मॅडमनी: वृषणांच्या मागून बोटांनी हलकं दाबत पुढे यायचं, अडकलेली लघवी निघून जाते. ऐकताना कान लाल झाले, पण उपयोग झाला. युरोफ्लोमेट्रीत (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी चाचणी) धार सेकंदाला 15 मिलीच्या खालीच आहे, त्यामुळे मार्ग पुन्हा आकसतोय का यावर लक्ष ठेवायचंय. वाईट वाटतंच.

मॅडमना पाच तारे. डिस्चार्जच्या कागदाला एक, तोही छपाई स्वच्छ होती म्हणून.