लातुरातील खाऱ्या पाण्याची टाकी
लातुरातील शोभिवंत माशांच्या एका दुकानात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडलेली असून, समुद्रापासून इतक्या दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांना प्रवाळभित्तीवरील जीवनाची ओळख व्हावी म्हणून ती आवर्जून दाखवावी. समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याच्या दंश करणाऱ्या शुंडकांमध्ये, म्हणजे सोंडेसारख्या अवयवांमध्ये, विदूषक मासा (क्लाउनफिश) निर्धास्त कसा वावरतो आणि त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरण त्याचे रक्षण कसे करते, हे दुकानदार फार आपुलकीने समजावून सांगतात. टाकीतील प्रवाळ कृत्रिम आहेत आणि तेच योग्य आहे; कारण भित्ती रचणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, असून त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. खरा प्रवाळ हा प्राणी असून तो आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून बरेचसे अन्न मिळवतो, आणि समुद्राचे पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद्या अंशाने जरी अधिक तापले, तरी ते शैवाल गमावून पांढरा पडतो. ही माहिती टाकीशेजारी लावायलाच हवी होती. घरी अशी टाकी ठेवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण बोअरचे जड पाणी तिला चालत नाही, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारांचे प्रमाण सतत सांभाळावे लागते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारे यंत्र अखंड चालवावे लागते.