एनलार्जरच्या स्टँडवर नाण्यांचे फोटो : काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या स्टुडिओतला एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) कुठे भंगारात निघत असेल तर त्याचा खांब आणि पाट सोडू नका. पावसाळ्याआधीपासून माझे नाण्यांचे सगळे फोटो अशाच एका स्टँडवर निघतायत. वरचं डोकं काढलं, लेथवाल्याकडून पाव इंची बोल्टची पट्टी करून घेतली आणि कॅमेरा खाली तोंड करून बसवला. शेजारी वाकवता येणाऱ्या मानेचे दोन एलईडी दिवे. एवढंच सामान.

फोटो सुधारतो तो लेन्सपेक्षा स्टँड आणि दिव्यांमुळे, हे आता मी ठामपणे सांगेन. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा. एपीएस-सी सेन्सरची (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या मध्यम आकाराच्या सेन्सरची) उंची पंधरा-सोळा मिलिमीटर. म्हणजे रुपया अख्खा मावायला १:२ (सेन्सरवरची प्रतिमा नाण्याच्या निम्मी) एवढंच मोठेपण पुरतं, आणि तेवढं जुन्या हातफोकसच्या मॅक्रो लेन्सही देतात. उलट १:१ पर्यंत जवळ गेलात तर लेन्सचीच सावली नाण्यावर येते. लेन्सचं छिद्र एफ/८ वर ठेवलं तर फोकसची खोली जेमतेम दोन मिलिमीटर मिळते. नाण्याच्या उठावाला ती भरपूर आहे, पण कॅमेरा जरा तिरका झाला की एका बाजूची अक्षरं गेलीच. त्यावर सोपा इलाज असा, की नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की काम झालं. पाणसळीपेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं.

खरा वेळ जातो तो दिव्यांत, आणि जायलाच हवा. लस्टर (टांकसाळीतली मूळ झळाळी) टिकलेला राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया असेल तर दोन्ही दिवे घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, उंच आणि लेन्सच्या जितके जवळ नेता येतील तितके. प्रकाश जवळजवळ सरळ खाली पडला की मधून कडेकडे पसरणारे झळाळीचे पट्टे दिसतात. दिव्यांवर ट्रेसिंग पेपर लावला की ओरखडे झाकले जातात, पण लस्टरही मरतो. विकायच्या किंवा बदलायच्या नाण्याचा असा मऊ प्रकाशातला एकच फोटो देणं मला पटत नाही. मी तिरप्या प्रकाशातला दुसरा फोटो नेहमी जोडतो, म्हणजे समोरच्याला हेअरलाइन्स (केसासारखे बारीक ओरखडे) दिसतात.

शिवराईला (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) नेमकं उलटं. तांबं काळवंडलेलं, ठसा बऱ्याचदा अर्धाच बसलेला. तिथे एकच दिवा, तोही खाली उतरवून, अक्षरांच्या डोक्याकडून. ‘श्री राजा शिव’मधली झिजलेली रेघ अशा तिरप्या प्रकाशात वर येते. दिवा पायथ्याकडून लावला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात, तेव्हा बाजू सांभाळा. आणि अक्षरं दिसावीत म्हणून शिवराई घासू किंवा धुऊ नका, कृपा करून. जे घासून मिळवायचं ते दिव्याने मिळतं आणि पाटिना (काळाने चढलेला थर) शाबूत राहतो.

बारकावे किती येतात ते पाहायला माझी दोन ठरलेली नाणी आहेत. एक १८६२चा रुपया : नाण्यावर तेच वर्ष ठेवून १८७४पर्यंत रुपये पाडले गेले आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर ठिपक्यांची संख्या बदलत गेली. ते ठिपके मोजता आले पाहिजेत. दुसरा १९११चा पंचम जॉर्जचा रुपया. त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२मध्ये तो सुधारला. या स्टँडवर तो हत्ती सोंडेसकट स्वच्छ उतरतो.

रंगासाठी ९५च्या वरच्या सीआरआयचे (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) दिवे घ्या. स्वस्त एलईडीत तांबं हिरवट दिसतं. पांढऱ्या कागदावर नाणं काळं पडतं, म्हणून मी राखाडी पुठ्ठा वापरतो आणि व्हाइट बॅलन्सही त्यावरच घेतो. शटर टायमरवर.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. कॅमेऱ्याच्या वजनाने पट्टी हळूहळू खाली सरकते, त्यामुळे मळसूत्र दर वेळी आवळावं लागतं. पावसाळ्यात पाटाचा प्लाय थोडा फुगला, तेव्हापासून आरशाची तपासणी रोजची झाली. लेन्स सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवावी लागते, नाहीतर बुरशी.

फोन आहे तोच वापरणार असाल तर तोही याच खांबाला बांधा आणि मॅक्रो मोड सोडून दुपटीच्या झूमने लांबून काढा. फक्त फोन स्वतःहून अक्षरांच्या कडा कोरतो आणि झिजलेलं नाणं आहे त्यापेक्षा बरं दाखवतो, हे ध्यानात असू द्या. सपाट स्कॅनरच्या वाटेला मी जाणार नाही.

कडेचा फोटो मात्र या स्टँडवर नीट जमत नाही. सहाव्या जॉर्जच्या रुपयांची सुरक्षित कड (नक्कल होऊ नये म्हणून खाचेत नक्षी पाडलेली) दाखवायची तर खोडरबरात खाच पाडून नाणं उभं करतो, कॅमेरा खांबावरून उतरवून ट्रायपॉडवर घेतो आणि नाणं थोडं थोडं फिरवत तीन-चार फोटो काढतो.