सभासद नोंदणीचा फॉर्म: नियम पानातच ठेवायचे की वेगळे?

यवतमाळ-अमरावतीकडे गावागावांत शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या. सभासद नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म प्रत्येकीला हवा असतो आणि तो करून द्यायला बहुतेक वेळा एकच पोरगं असतं. त्याच्यापुढे दोन वाटा असतात. रकाने, नियम, दिसणं सगळं एकाच एचटीएमएल पानात कोंबायचं. नाहीतर माहितीचा आराखडा वेगळा लिहायचा आणि पडद्यावरची मांडणी वेगळी.

मी आधी पहिल्याच वाटेनं गेलो. दोन दिवसांत फॉर्म उभा! मग क्षेत्राच्या रकान्यानं घाम काढला. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं (शंभर आर म्हणजे एक हेक्टर), शेतकरी बोलतो एकरात. एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५, पण भरणाऱ्यानं १.५ टाकलं आणि पानानं ते मुकाट्यानं घेतलं. पंचेचाळीस आर, म्हणजे एकराहून जास्त जमीन, कागदावर वाढली.

आराखडा वेगळा असेल तर आत एकच आकडा राहतो: १०५ आर. पडद्यावर हेक्टर आणि आर असे दोन चौकोन दाखवा, बाजूला ‘अंदाजे २.५९ एकर’ लिहा, छापील पावतीवर आणखी तिसऱ्या पद्धतीनं मांडा. आतल्या आकड्याला हात लागत नाही.

दुसरा फरक लपवलेल्या रकान्यांचा. जमीन ‘ओलीत’ निवडली की विहीर, बोअर की कालवा हे विचारायचं. ‘कोरडवाहू’ निवडली की तो प्रश्न गायब. सीएसएसनं, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेनं, नुसता दिसेनासा केलेला रकाना मात्र फॉर्मसोबत जातोच. आधी ओलीत-विहीर भरून नंतर कोरडवाहू केलं, की कोरडवाहू शेतात विहीर! वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २००३ साली प्रमाणित केलेल्या एक्सफॉर्म्स या फॉर्म लिहिण्याच्या पद्धतीत हा नियम आराखड्यातच लिहिता येत होता आणि गैरलागू ठरलेली माहिती पाठवलीच जात नसे. ब्राउझरांनी ते प्रमाण स्वतःहून कधी उचललं नाही, ही वेगळी रड.

ती कल्पना आज दोन रूपांत हाताशी आहे. एक, जेसन स्कीमा, म्हणजे माहितीचा आराखडा लिहायची एक ठरलेली पद्धत. प्रकार, मर्यादा आणि अनिवार्य रकाने एकदाच लिहायचे, दिसण्याचा तपशील वेगळ्या फाइलीत, आणि तीच स्कीमा सर्व्हरवरही तपासणीला लावायची. ब्राउझरमधली तपासणी कुणीही ओलांडू शकतं, म्हणून सर्व्हरवर ती करावीच लागते. पहिल्या वाटेत तोच नियम दोनदा लिहिला जातो आणि महिनाभरात दोन्हींची फारकत होते. पण स्कीमेवरून आपोआप तयार झालेला फॉर्म लहान मोबाइलवर बेंगरूळ दिसतो. तो नीट करायला लागलात की वाचवलेला वेळ तिथंच जातो.

दुसरं रूप, एक्सएलएसफॉर्म. एक्सेलच्या पत्रकात प्रश्न, अटी आणि पर्याय लिहायचे. दिसण्यासाठी ‘अपीअरन्स’ हा स्वतंत्र स्तंभ. ओडीके किंवा कोबो ही माहिती गोळा करायची साधनं त्यावरून मोबाइलवर फॉर्म उभा करतात, नेट नसतानाही भरता येतो. मेळघाटात धारणीकडे पाड्यावर फिरायचं असेल तर मी दुसरं काही बघणार नाही. त्याच पत्रकात हिंदी आणि कोरकू प्रश्नांचे स्तंभ वाढवता येतात, आणि हे काम प्रोग्रामर नसलेला कार्यकर्ताही करतो. मनासारखं देखणं पान मात्र यातून मिळत नाही.

मग निवड कशी करायची? फॉर्म एकाच ठिकाणी दिसणार, आठ-दहा रकाने, नियम बदलणार नाहीत, तर एका पानातच करा. उगाच स्कीमा कशाला. कार्यालयातला संगणक, कार्यकर्त्याचा मोबाइल आणि छापील अर्ज, यांतली दोन तोंडं जरी असली, किंवा दर हंगामाला पिकांची यादी आणि अटी बदलणार असल्या, तर आराखडा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. मधेच बदलायला गेलात तर जुन्या नोंदी सातबाऱ्याशी एकेक ताडून पाहाव्या लागतात. माझ्या त्या कामात हे दिवाळीपर्यंत चाललं होतं, आणि तोवर कापूस घरात आला होता.