मॉलिक्युलर मॉडेल किट: १०९.५ डिग्री हातात आले, लोन पेअर मात्र गायब

गोळे-काड्यांचं किट घेतलं कारण हायब्रिडायझेशन, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागा (ऑर्बिटल) मिसळून नव्या सारख्या जागा होणं, पाठ होतं पण डोळ्यासमोर काही म्हणजे काही येत नव्हतं. मिथेन कागदावर अधिकच्या चिन्हासारखा काढतात ना, त्यामुळे कोन ९०चाच असं डोक्यात फिट्ट बसलेलं. काळा गोळा म्हणजे कार्बन घेतला, चार काड्या खोचल्या, टोकांना पांढरे गोळे म्हणजे हायड्रोजन लावले आणि टेबलावर ठेवला तर तीन पायांवर तिवईसारखा उभा, चौथा सरळ वर. कसाही उलटा करा, तस्साच दिसतो. एक एस आणि तीन पी ऑर्बिटल मिसळून चार सारखे एसपी३ होतात म्हणजे काय, ते तेव्हा कळलं, चौघांत वर-खाली असं कुणी नसतंच.

आता तक्रारी. लाल गोळ्याला म्हणजे ऑक्सिजनला दोनच भोकं. पाणी बनवलं की वाकडं दिसतं, पण का वाकडं ते दिसतच नाही, कारण दोन्ही लोन पेअर, म्हणजे बाँडमध्ये न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या, गायब! मी मग ऑक्सिजनसाठी सरळ चार भोकांचा काळा गोळाच वापरते आणि दोन भोकांत नुसत्या काड्या ठेवते, रंग चुकला तर चुकला. तरी कोन १०९.५च राहतो, खरा पाण्यात १०४.५ आणि अमोनियात १०७च्या आसपास, लोन पेअर जास्त जागा खातात म्हणून बाकीचे बाँड जवळ ढकलले जातात, ते प्लास्टिक कुठून दाखवणार.

डबल बाँडला दोन वाकणाऱ्या काड्या दिल्यात. इथीन (दोन कार्बनमध्ये डबल बाँड) सपाट येतो खरा, पण एसपी२चे (एक एस, दोन पी मिसळून झालेले) १२०च्या जवळपासचे कोन येत नाहीत आणि प्रतलाला काटकोनात उभा असलेला पी ऑर्बिटल तर कुठेच नाही, पाय (π) बाँड, म्हणजे असे उभे पी बाजूने जुळून होणारा डबल बाँडमधला दुसरा बाँड, शिकायला हे किट कामाचं नाही. गंमत म्हणजे अ‍ॅलीन (ओळीत तीन कार्बन, मध्ये दोन डबल बाँड) बनवला तर दोन टोकं एकमेकांना बरोब्बर ९०मध्ये वळलेली येतात, हे मला कागदावर कधीच पटलं नव्हतं.

पाच भोकांचा गोळा मस्त आहे, कमरेला १२०वर तीन आणि वर-खाली दोन. फक्त काड्या सगळ्या एकाच लांबीच्या, पीसीएल५मध्ये (फॉस्फरसला पाच क्लोरीन) वर-खालचे बाँड सुमारे २१४ पिकोमीटर आणि कमरेचे २०२, म्हणून मी वर-खालच्या काड्या थोड्या बाहेर ओढून ठेवते, मग त्या सारख्या निसटतात. अशा पाच बाँडसाठी डी ऑर्बिटलही खरंच मिसळतात का यावर आता बरीच शंका घेतात, पण आकार तोच राहतो, त्यामुळे गोळा वाया नाही गेला.

सहा भोकांचा एकच दिलाय, दोन तरी हवे होते. पाचातले साडेतीन स्टार, अर्धा फक्त त्या अ‍ॅलीनसाठी.